राजाश्रय, लोकनिधी आणि निवाड्याची जबाबदारी

शासनाने कलेला द्यावयाच्या अर्थसाहाय्याविषयी मराठीत जी चर्चा होत आली आहे, तिचा बराचसा भाग ‘राजाश्रय’ या एका शब्दाने बांधून ठेवला आहे. राजा आपल्या खजिन्यातून देतो आणि कवी त्याचे ऋण मानतो, असा संबंध या शब्दात गृहीत आहे. लोकशाहीत खजिना राजाचा उरत नाही. तो लोकांचा असतो आणि शासन त्याचे केवळ विश्वस्त असते. संबंधाचे स्वरूप पालटले तरी शब्द टिकला, आणि त्याबरोबर देणाऱ्याचा दातेपणा व घेणाऱ्याचा अपराधभाव हेही टिकले. त्यामुळे लेखकाने वा चित्रपटकाराने शासनाचा पैसा घ्यावा काय, हा प्रश्न बहुधा घेणाऱ्याच्या चारित्र्याचा प्रश्न म्हणून मांडला जातो. अशी मांडणी कितपत पुरेशी आहे, हे तपासणे अगत्याचे आहे.

या मांडणीमागे एक आदरणीय परंपरा आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९७५ च्या कराड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी आणीबाणीला जाहीर विरोध केला आणि पुढे तुरुंगवास पत्करला. १९८१ मध्ये साहित्यव्यवहारातील शासकीय हस्तक्षेपाच्या निषेधार्थ मुंबईत मालतीबाई बेडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समांतर साहित्य संमेलन भरले. सत्तेपासून अंतर राखणे ही लेखकाच्या स्वातंत्र्याची पूर्वअट आहे, हा विचार या घटनांनी मराठी साहित्यविश्वात रुजविला.

तथापि नकाराची ही नीती सर्वांना सारखीच परवडत नाही. कवितेला कागद पुरतो. चित्रपटाला भांडवल लागते. ‘पथेर पांचाली’ (१९५५) पूर्ण होऊ शकला तो पश्चिम बंगाल शासनाच्या पैशामुळे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या साहाय्याविना ‘भुवन शोम’ (१९६९) सारखा चित्रपट निघणे अवघड होते. गावोगाव फिरणाऱ्या तमाशाच्या फडाला तंबू, वाहने व कलावंतांची बिदागी यांचा भार वाहावा लागतो. २०२० च्या टाळेबंदीत यात्रा थांबल्या, तेव्हा या फडांना अनुदान नाकारण्याची चैन परवडणारी नव्हती. शिवाय अनुदानाविषयी कठोर भाषा वापरणारा विद्यापीठीय समीक्षक ज्या वेतनावर उभा असतो, तेही बहुतांशी शासनाच्याच अनुदानातून येते. नकाराचे तेज खरे असले, तरी त्यामागे अन्य कुठला तरी आश्रय असतो. त्या आश्रयाचा उच्चार न करता इतरांच्या स्वीकाराला लाचारी म्हणणे हा नैतिक निर्णय नसून सामाजिक स्थानाचा विसर आहे.

मग शासनाने निवडच करू नये, केवळ यांत्रिक निकषावर पैसा वाटावा, असा पर्याय सुचविला जातो. मराठी चित्रपटाने तो अनुभवला आहे. सत्तरच्या दशकात सुरू झालेल्या करपरतावा योजनेत चित्रपटाने जमविलेला करमणूक कर निर्मात्याला पुढील चित्रपटासाठी परत मिळे. येथे समिती नव्हती, म्हणून पक्षपातही नव्हता, असे वाटते. वस्तुतः निवाडा नाहीसा झाला नव्हता. तो तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाकडे गेला होता. ज्याला प्रेक्षक आधीच लाभला आहे त्याला बळ मिळाले आणि ज्याला तो अजून घडवायचा होता तो बाहेर राहिला. पुढे परीक्षण समितीकडून दर्जा ठरवून अनुदान देण्याची पद्धत आली, म्हणजे मूल्यनिर्णय पुन्हा माणसांकडे आला. निवाडा टळत नाही; तो कोणी व कोणत्या आधारावर करावा, एवढेच ठरविता येते.

खरा पेच येथे सुरू होतो. १९८१ मध्ये विनय हर्डीकर यांच्या ‘जनांचा प्रवाहो चालिला’ या आणीबाणीविषयक पुस्तकाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार अंतुले यांच्या शासनाने रद्द केला. २०१७ मध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या भारतीय विभागासाठी परीक्षकांनी निवडलेले ‘न्यूड’ हा मराठी व ‘एस दुर्गा’ हा मल्याळम चित्रपट केंद्रीय मंत्रालयाने यादीतून वगळले. परीक्षक मंडळाचे प्रमुख सुजय घोष यांनी पद सोडले. डिसेंबर २०२२ मध्ये कोबाड गांधी यांच्या आत्मकथनाच्या, अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला जाहीर झालेला पुरस्कार अवघ्या काही दिवसांत मागे घेण्यात आला आणि निवड समितीही बरखास्त झाली. आदेशात कारण नोंदले होते ते ‘प्रशासकीय’. लक्ष्मीकांत देशमुख, प्रज्ञा दया पवार, नीरजा यांच्यासह अनेकांनी शासकीय समित्यांचे राजीनामे दिले.

तिन्ही प्रसंगांत घेणाऱ्याचे चारित्र्य हा प्रश्नच नव्हता. विश्वस्ताने विश्वस्तपण सोडून मालकी गाजविली, हा प्रश्न होता. ‘प्रशासकीय कारण’ ही शब्दयोजना या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. साहित्यविषयक निर्णय असाहित्यिक कारणाने फिरविला, आणि ते कारणही सांगितले नाही, असा तिचा सरळ अर्थ होतो.

परंतु कारण न सांगण्याचा दोष एकट्या शासनाचा आहे काय? पुरस्काराच्या घोषणेत पुस्तकाचे नाव असते, रक्कम असते. निवड का झाली याचे विवेचन बहुधा नसते. गोपनीयतेच्या नावाखाली समीक्षक आपला मूल्यनिर्णय केवळ निकालाच्या रूपात शासनाच्या हाती देतो. कारणांशिवाय दिलेला निकाल कारणांशिवाय फिरविणे सोपे असते. सविस्तर कारणे प्रसिद्ध झाली असती तरी सत्तेने तो फिरविलाच असता, हा आक्षेप रास्त आहे. पण मग तिला त्या कारणांचे खंडन करावे लागले असते, किंवा आपल्यापाशी खंडन नाही हे उघड करावे लागले असते. शिवाय करदात्याचाही एक प्रश्न उरतो: जी कृती मला रुचत नाही, तिला माझा पैसा का? कलावंताचे स्वातंत्र्य ही घोषणा त्याचे उत्तर नव्हे आणि मंत्र्याचा आदेश तर नव्हेच. त्याला पटो वा न पटो, वाचून तपासता येईल असे मूल्यविवेचन हेच त्याचे प्रामाणिक उत्तर होय.

राजीनामा हे निषेधाचे साधन आहे व ते कधी अपरिहार्य ठरते. पण तो निवाडा उलथविल्यानंतर येतो. समीक्षेची जबाबदारी त्याच्या आधीची आहे. लोकनिधीतून कलेला मिळणारे साहाय्य उपकार ठरू नये असे वाटत असेल, तर त्यामागील निर्णय वादक्षम स्वरूपात लोकांसमोर असला पाहिजे. आणि ते काम शासनाचे नसून समीक्षकाचे आहे.