प्रमाद आणि ट्रेलरचा मागचा दिवा

कृतीतील दोष कर्त्याच्या मनःस्थितीवरून ठरवावा की तिच्यातून प्रत्यक्ष घडलेल्या परिणामावरून, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न बहुधा युद्ध, दान, राज्यकारभार अशा मोठ्या कर्मांच्या संदर्भात चर्चिला जातो. परंतु त्याची खरी कसोटी क्षुल्लक समजल्या जाणाऱ्या कर्मांत लागते, कारण तेथे हेतू वाईट नसतो, परिणाम बहुतेक वेळा काहीच होत नाही, आणि तरीही काही चुकले असल्याची शंका उरते. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हौशी लोक आपली छोटी बोट मोटारीमागे जोडलेल्या ट्रेलरवरून पाण्यापर्यंत नेतात. त्या ट्रेलरच्या मागच्या दिव्यांची दुरुस्ती हे असेच एक कर्म होय. बोटीच्या आडोशाने मोटारीचे स्वतःचे दिवे झाकले जातात, म्हणून ट्रेलरला वेगळे दिवे लागतात, आणि ते पेटले आहेत की नाही हे चालकाला आपल्या जागेवरून कळत नाही. ज्याच्यावर जबाबदारी आहे त्याला दिवा दिसत नाही, आणि ज्याचा जीव त्या दिव्यावर अवलंबून आहे त्या मागच्या वाहनचालकाच्या हाती दुरुस्तीचा उपाय नाही.

हे दिवे वारंवार बिघडण्याचे कारण ट्रेलरच्या कामातच आहे. बोट सोडताना ट्रेलरचा मागचा भाग उतारावरून पाण्यात जातो. ब्रेक दाबून तापलेला बल्ब अशा वेळी थंड पाण्यात बुडाला की त्याची काच तडकते, आणि काच तगली तरी दिव्याच्या कवचातील गरम हवा आकसून फटींतून पाणी आत ओढून घेते. पाणी खारे असले तर होल्डर आणि तारेतील तांबे हिरवे पडून झिजत जाते. तरीही पुष्कळ वेळा मूळ दोष बल्बात नसतो. अमेरिकेतील साध्या ट्रेलरला चार तारा असतात: तपकिरी तार मागच्या मंद दिव्यांची, पिवळी डाव्या व हिरवी उजव्या बाजूच्या ब्रेक आणि इंडिकेटरची, आणि पांढरी अर्थिंगची, म्हणजे दिव्यातून गेलेला प्रवाह बॅटरीकडे परत नेणारी. ही परतीची वाट अनेकदा ट्रेलरच्या सांगाड्यातूनच काढलेली असते, आणि एखाद्या गंजलेल्या स्क्रूपाशी ती तुटली की प्रवाह दुसऱ्या फिलामेंटमधून आडवाटेने परतू लागतो. मग भलताच दिवा मंदपणे लुकलुकतो, किंवा रात्री ब्रेक दाबताच मागचे दिवे विझतात. न पेटणारा दिवा नुसता गप्प असतो; हा दिवा मागच्याला चुकीची खबर देतो, आणि म्हणून अधिक घातक ठरतो.

अशा दिव्यावर हाताने थाप मारली की तो पुष्कळदा पेटतो, आणि मालक समाधानाने निघतो. या समाधानाची तपासणी इंग्रज गणितज्ञ विल्यम किंग्डन क्लिफर्ड यांनी 1877 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘विश्वासाचे नीतिशास्त्र’ या निबंधात जवळजवळ याच स्वरूपात केली होती. जहाज जुने आहे, डागडुजी मागते आहे, हे ठाऊक असलेला एक मालक मनातील शंका दडपतो, इतक्या सफरी सुखरूप झाल्या तर हीही होईल असे स्वतःला पटवतो, ईश्वरावर हवाला ठेवतो आणि परदेशी स्थायिक होण्यास निघालेल्या प्रवाशांसह जहाज सोडतो; जहाज बुडते. क्लिफर्ड यांच्या मते त्याचा विश्वास प्रामाणिक होता, पण तो बाळगण्याचा अधिकार त्याला नव्हता, आणि जहाज सुखरूप परतले असते तरी त्याचा दोष तिळमात्र कमी झाला नसता. (क्लिफर्ड स्वतः 1870 मध्ये सूर्यग्रहणाच्या मोहिमेवर असताना सिसिलीजवळ जहाज फुटूनही वाचले होते, हे येथे नोंदवण्याजोगे.)

जवळपास शंभर वर्षांनी, 1976 मध्ये, तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी ‘नैतिक दैव’ ही संकल्पना मांडून या निष्कर्षाला हादरा दिला. नैतिक दैव म्हणजे कर्त्याच्या ताब्यात नसलेल्या योगायोगावरून त्याच्या दोषाचे मोजमाप होणे. नेगेल यांच्या उदाहरणातील ट्रकचालकाने ब्रेक तपासून घेण्यात किरकोळ हयगय केली. रस्त्यात मूल आले नाही तर त्याला कोणी फारसे बोलणार नाही, आले आणि दगावले तर तोच मनुष्य स्वतःला भयंकर अपराधी मानेल. हयगय दोन्ही वेळा सारखीच, निवाडा मात्र वेगळा. आणि हा विरोध सुटत नाही, असे नेगेल यांचे म्हणणे आहे.

जैन परंपरेने हा विरोध फार पूर्वी ओळखला होता आणि त्याला निश्चित उत्तर दिले होते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या केवळ प्राणहानी अशी नाही. प्रमादयुक्त व्यापारातून, म्हणजे क्रोध-लोभादी कषायांच्या आहारी गेलेल्या असावध मन, वाणी व शरीर यांच्या क्रियेतून झालेली प्राणहानी अशी आहे. कुंदकुंदाचार्य प्रवचनसारात आणखी पुढे जातात: जीव मरो वा जगो, असावधपणे वागणाऱ्याच्या वाट्याला हिंसा आलेलीच असते, आणि समिती पाळणाऱ्याला केवळ बाह्य हिंसेने कर्माचा बंध होत नाही. समिती म्हणजे चालणे, बोलणे, वस्तू उचलणे व ठेवणे इत्यादी व्यवहारांतील सावधपणाचे पाच नियम. श्वेतांबर साधूंच्या आचारात तर ‘प्रतिलेखन’, म्हणजे वस्त्रे व पात्रे नियमाने न्याहाळून पाहणे, हे नित्यकर्म आहे. ट्रेलरच्या दिव्यांचा प्लग मोटारीला जोडल्यावर मागे जाऊन दिवे पाहणारा चालक आणि न पाहता निघणारा चालक यांतील भेद या दृष्टीने निघतानाच पूर्ण झालेला असतो. पुढे रस्त्यात काय घडते त्यावर तो अवलंबून नाही.

मात्र सावधपणा म्हणजे केवळ सद्भावना, असा अर्थ काढणे चूक ठरेल. दशवैकालिकसूत्र या जैन आगमात ज्ञानाला दयेच्या आधी स्थान दिले आहे, कारण ज्याला जीव-अजीव कळत नाही तो संयम कसा पाळणार, असा तेथील विचार आहे. जो मालक दरवेळी निष्ठेने बल्ब बदलतो पण अर्थिंगचा गंज कधी खरवडत नाही, त्याची कळकळ खरी असूनही दिवा पुन्हा विझणारच. स्क्रूखालचा धातू चकचकीत होईपर्यंत घासणे, पांढरी तार सांगाड्यावर न सोडता थेट प्रत्येक दिव्यापर्यंत नेणे, कल्हई केलेल्या तांब्याची तार वापरणे, जोडावर ग्रीस लावणे, पाण्यात शिरण्यापूर्वी प्लग काढणे, आणि कवच एकदा फुटले की चिकटपट्टीवर न भागवता पूर्ण सीलबंद एलईडी दिवा बसवणे, ही या ठिकाणी दयेचीच अंगे आहेत. ब्रिटनमध्ये दिव्यांची सुटी फळीच बोटीच्या मागे टांगतात आणि बोट सोडण्यापूर्वी ती काढून ठेवतात. दिव्याला पाण्यापासून दूर ठेवणारा हा उपाय सर्वांत समंजस म्हणावा लागेल.

एक प्रश्न तरीही उरतो. सर्व तपासून निघालेल्या माणसाचा दिवा वाटेत विझला आणि मागची मोटार आदळली, तर त्याने निर्दोष म्हणून स्वस्थ बसावे काय? विल्यम्स यांनी अशा निर्दोष कर्त्याला होणाऱ्या विशिष्ट खेदाचे वर्णन केले आहे, आणि तो न वाटणाऱ्या माणसाविषयी शंका येते असेही सुचवले आहे. जैन आचारात या खेदाला ठरलेली जागा आहे: समभाव साधण्याच्या सामायिकासारख्या विधींच्या आरंभी म्हटल्या जाणाऱ्या ईर्यापथिकी सूत्रात जाण्यायेण्यात दुखावल्या गेलेल्या जीवांबद्दल क्षमा मागितली जाते, आणि नियमाने चालणाऱ्यालाही त्यातून सूट नाही. दोषाचे माप सावधपणा आणि खेदाचे माप परिणाम असे मानले, तर नेगेल यांना दिसलेला विरोध अटळ राहत नाही. ती दोन मापे वेगळी ठेवणारी जैन मांडणी या प्रश्नापुरती तरी अधिक ग्राह्य आहे.