दहा तासांचे अंतर



मुंबईपासून लंडन सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. विमानाला जायला साडेनऊ-दहा तास लागतात. येताना सुमारे तासभर वाचतो, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे पाठीशी असतात. मधल्या एखाद्या देशाने आपले आकाश बंद केले, की वळसा पडतो आणि वेळ वाढतो. अंतर तेच, वेळ मात्र वेगळा.

१८६९ साली सुएझ कालवा खुला होण्यापूर्वी आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या जहाजाला महिने लागत. कालव्यामुळे तो प्रवास काही आठवड्यांवर आला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून निघाले, ते कैरो, जिनिव्हा करीत १० जूनला लंडनला पोहोचले. आज रात्री निघालेला माणूस सकाळी तेथे उतरतो.

आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांतील मुले परदेशी आहेत. घरात मृत्यू झाला की पहिला प्रश्न असतो, “मुलगा कधी पोहोचतो?” त्यावरून मिस्साची आणि दफनाची वेळ ठरते. तो आला नाही, की कुजबुज सुरू होते, “दहा तासांचा तर प्रवास, तेवढेही जमले नाही!” बोटीच्या काळात असा दोष कोणी दिला नसता. मग प्रवासाचा वेळ कमी झाला म्हणून मुलाचे कर्तव्य वाढले का?

जे करणे माणसाला शक्यच नाही, ते त्याचे कर्तव्य असू शकत नाही, असा विचार जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी मांडला. म्हणजे शक्यता वाढली की जुनी सबब उरत नाही, हे खरे. परंतु जे जे शक्य ते सारे कर्तव्यच, असे यातून सिद्ध होत नाही. शिवाय शक्य काय, हे कोण ठरवणार? दहा तास हे विमानाचे गणित झाले. माणसाच्या गणितात रजा असते, ऐन वेळच्या तिकिटाचे पैसे असतात, त्या देशात परत प्रवेश मिळेल की नाही ही धास्ती असते. यांतले एक अडले तरी लंडन पुन्हा बोटीच्या काळाइतके दूर जाते. तेव्हा न आलेल्या मुलाचा निवाडा करण्याची घाई आपण करू नये.

परदेशी असलेल्या मुलांनीही एक विचार करावा. दहा तासांमुळे कर्तव्य वाढलेच असेल, तर ते आधी जिवंत माणसांच्या बाबतीत वाढले आहे. दफनासाठी जे तिकीट कसेही करून काढले जाते, ते आई दारात उभी राहू शकते तोवर काढता आले तर अधिक बरे.

आणि आपण, जे येथेच आहोत? शोमरोनी माणसाच्या दाखल्यातील याजक आणि लेवी जखमी माणसापासून काही पावलांवरच होते. तरी ते दुसऱ्या बाजूने निघून गेले. ज्यांची मुले दूर आहेत, असे म्हातारे आईवडील आपल्याच आळीत राहतात. तेथे जायला दोन मिनिटे लागतात. तिकीट नको, व्हिसा नको. कुजबुज करण्यापूर्वी स्वतःला विचारू या: गेल्या महिन्यात त्या घरात आपण किती वेळा डोकावलो?

आपला,
धर्मगुरू