वैकल्पिक नियम आणि बंधनाचे नैतिक स्वरूप

नियम म्हणजे बंधन, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मग ज्याचा स्वीकार खेळणाऱ्यांच्या इच्छेवर सोडला आहे, त्याला नियम का म्हणावे? अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिकाखेळाच्या संदर्भात हा प्रश्न विशेष तीव्रतेने उपस्थित होतो. या खेळात टेबलाभोवतीची मंडळी अद्भुत जगातील पात्रांच्या भूमिका घेतात, एक जण सूत्रधार होतो आणि अनिश्चित प्रसंगी फासा कौल देतो. बुद्धिबळात वजिराची चाल ऐच्छिक नसते. येथे मात्र मूळ नियमांशेजारी पर्यायी नियमांची व उपव्यवस्थांची भर सतत पडत राहिली आहे.

जॉन सर्ल यांनी १९६९ साली नियमांचे दोन प्रकार मांडले: आधीच अस्तित्वात असलेल्या व्यवहाराला वळण लावणारे नियामक, आणि ज्यांच्याविना व्यवहारच संभवत नाही असे घटक नियम. वैकल्पिक नियम या विभागणीला अडचणीत आणतो. २०१४ च्या सूत्रधार-ग्रंथात बळ, चापल्य इत्यादी सहा गुणांच्या जोडीला ‘प्रतिष्ठा’ आणि ‘मनःसंतुलन’ हे दोन ऐच्छिक गुण दिले आहेत. प्रतिष्ठेचा अंक नसतानाही पात्र दिलेला शब्द मोडू शकते. परंतु त्यापायी प्रतिष्ठा एका अंकाने घटणे ही घटना तो नियम स्वीकारल्याशिवाय घडूच शकत नाही. म्हणजे खेळाच्या अस्तित्वासाठी अनावश्यक असलेला नियम स्वीकारानंतर घटक ठरतो.

स्वीकारानंतरच्या या बंधनाचा काटेकोर विचार पूर्वमीमांसेत, यज्ञकर्माच्या संदर्भात, आढळतो. व्रीहींनी याग करावा किंवा यवांनी, असा विकल्प असता कर्ता आरंभी मोकळा असतो. आरंभानंतर व्रीही नष्ट झाले, तर मात्र यवांकडे न वळता व्रीहींशी साम्य असलेले नीवार घ्यावेत, असा मीमांसकांचा निर्णय आहे. स्वातंत्र्य निवडीपुरते, निवड झाली की ती कर्त्यालाच बांधते.

हे साम्य एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. मीमांसकांच्या दृष्टीने विधीचे प्रामाण्य अपौरुषेय आहे; खेळाच्या ग्रंथाला तसे प्रामाण्य नाही. १९७४ च्या पुस्तिकांत वीस पैलूंच्या फाशाची युद्धपद्धती ‘पर्यायी’ म्हणूनच छापली होती. पुढे तीच प्रमाण झाली. तिला प्रमाण केले ते खेळणाऱ्यांच्या वहिवाटीने. वैकल्पिक नियमामागे परस्परसंमतीखेरीज दुसरे बळ नसते.

खरा नैतिक पेच येथेच आहे. मनःसंतुलनाचा नियम सर्वांनी मान्य केला आहे. पडद्याआड टाकलेल्या फाशाने एका लाडक्या पात्राचे भान हरपते आणि सूत्रधार करुणेपोटी निराळा आकडा सांगतो. त्याचा हेतू शुद्ध असेल. परंतु त्याने इतरांच्या संमतीचा निर्णय एकट्याने फिरवलेला असतो. ज्यांनी तोच धोका पत्करून आपली पात्रे गमावली, त्यांचे नुकसान त्या क्षणी अर्थशून्य होते. नियम जाचक वाटल्यास तो सर्वांसमक्ष रद्द करता येतो, आणि तसे करण्यात कोणताही नैतिक दोष नाही. दोष आहे तो नियम अबाधित असल्याचा आभास ठेवून तो मोडण्यात.

अनिवार्य नियम पाळण्यात सक्तीचा वाटा किती आणि निष्ठेचा किती, हे सांगणे अवघड असते. वैकल्पिक नियमाच्या बाबतीत ही संदिग्धता उरत नाही. जो नाकारता आला असता तोच पाळला जातो. म्हणून त्याचे बंधन वचनाच्या जातीचे असते.