पटाचे मैदान आणि मर्यादेचे पावित्र्य

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीनंतर धान निघून बांध्या, म्हणजे बांधांनी आखलेली शेते, मोकळ्या झाल्या की तेथे शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचा, हंगाम सुरू होतो. अनेक गावांत दिवसा पट भरतो आणि रात्री वडसा येथून आलेल्या नाट्यमंडळीचे संगीतप्रधान नाटक पहाटेपर्यंत रंगते. महाविद्यालयांची आणि शहरांची क्रीडागृहे आज सामने व गाण्याचे जलसे एकाच वास्तूत भरवतात. झाडीपट्टीत तेच कार्य कापणी झालेले रान करीत आले आहे. पेरणी होताच हे मैदान पुन्हा शेत होत असल्यामुळे येथे एक प्रश्न स्पष्टपणे उभा राहतो: जनांच्या एकत्र येण्याची जागा पवित्र होते ती वास्तूमुळे, की तेथे पाळल्या जाणाऱ्या मर्यादेमुळे?

भरताच्या नाट्यशास्त्रातील कथेनुसार पहिला प्रयोग इंद्रध्वजाच्या उत्सवात झाला आणि त्यात आपला पराभव दाखवला म्हणून दैत्यांनी विघ्ने आणली. तेव्हा ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधवून त्याच्या रक्षणासाठी देवता नेमल्या. परंतु तेवढ्यावर न थांबता त्याने दैत्यांचीही समजूत घातली आणि नाट्य हे केवळ देवांचे नसून त्रैलोक्याचे आहे, असे सांगितले. म्हणजे रंगभूमीचे रक्षण भिंतींनी आणि देवतांनी केले, तरी तिला सर्वांची मान्यता मिळाली ती दुखावलेल्या पक्षालाही तिच्यात स्थान दिल्यामुळे. डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी 1938 च्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात क्रीडांगण आणि पूजास्थान यांत रूपाच्या दृष्टीने भेद नसल्याचे मत मांडले, कारण दोन्ही ठिकाणी नित्य व्यवहारापासून वेगळी काढलेली, स्वतःचे नियम असलेली जागा असते. मात्र खेळ हा स्वेच्छेने स्वीकारलेला असला पाहिजे, ही त्यांची पहिली अट होती.

याच अटीवर शंकरपटाची खरी परीक्षा होते. नट स्वेच्छेने रंगमंचावर येतो, प्रेक्षक स्वेच्छेने रात्र जागतो, पण बैल शर्यत निवडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2014 रोजी प्राण्यांच्या वेदनेचा व प्रतिष्ठेचा विचार करून बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने तमिळनाडू व कर्नाटकाच्या दुरुस्त्यांसह ती वैध ठरवली. या निर्णयाने पटाला कायद्याचा आधार मिळाला; परंतु कायदेशीर असणे आणि पवित्र असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, कारण कायदा अनुज्ञेय कृतीची किमान सीमा आखतो, तर पावित्र्य त्या सीमेच्या आत राहूनही स्वतःला आवरण्याची अपेक्षा करते.

म्हणून परंपरेच्या नावाने पटाचे समर्थन करणाऱ्यांवर एक विशेष ऋण येते. ज्या बैलाच्या श्रमाने बांधीत धान उभे राहिले आणि ज्याची पोळ्याला पूजा झाली, त्याला मैदानात केवळ जिंकण्याचे साधन मानले, तर पूजा आणि खेळ दोन्ही पोकळ ठरतात. जो संमती देऊ शकत नाही आणि मैदान सोडूनही जाऊ शकत नाही, त्याच्या वेदनेची मर्यादा संमती देणाऱ्यांनीच पाळावयाची असते. धाप लागलेली जोडी बक्षिसावर पाणी सोडून थांबवण्याचे बळ मालकात आणि ते थांबवणे योग्य मानण्याचे बळ गर्दीत असेल, तरच हंगामापुरते उघडलेले ते रान पूजास्थानाच्या बरोबरीचे मानता येईल.