पाचवी चिमणी आणि गावचे तळे

हिवाळा सुरू झाला की शहरातील काही मंडळी सुट्टीच्या पहाटे गावाबाहेरच्या तळ्याकडे फिरावयास जातात. बांधावरून चालावे, पाणपक्षी पाहावेत आणि ऊन चढण्यापूर्वी घरी परतावे, एवढाच त्यांचा उद्योग. त्यांना कोणी ना कोणी विचारतोच, “ह्यातून मिळते काय?” प्रश्न साधा वाटतो, परंतु त्याच्या पोटात दुसरा, मोठा प्रश्न आहे. जे आपल्या उपयोगाचे नाही, त्याला काही किंमत आहे काय? ह्या प्रश्नाचा थोडा विचार करावा, असे आम्हांला वाटते.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपल्याकडील बहुतेक तळी पक्ष्यांसाठी किंवा फिरावयास येणाऱ्यांसाठी कोणी बांधली नाहीत. बडोद्याजवळ, डभोई तालुक्यातील वढवाणा तलाव १९१० च्या सुमारास, सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, शेतीला पाणी मिळावे म्हणून बांधण्यात आला. इंदूरच्या यशवंत सागराचे पाणी शहराला पिण्यासाठी लागते. गोव्यात कुडचडे येथील नंदा तळ्याच्या पाण्यावर खालची भातशेती होते. ह्या सर्व हिशेबात शेत होते, घागर होती, भात होता. बदक कोठेच नव्हते. पाखरे आली ती न बोलावता आली. वढवाण्यावर हिवाळ्यात पट्टकदंब उतरतात. त्यांची घरटी मध्य आशियातील उंच पठारांवर असतात, आणि इकडे येताना ते हिमालय ओलांडून येतात. यशवंत सागराच्या परिसरात सारस आढळतात. पुढे जगानेही ह्या पाहुण्यांची दखल घेतली. इराणमधील रामसर ह्या गावी १९७१ साली पाणथळ जागांच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला व १९८२ साली भारत त्यात सामील झाला. त्या कराराच्या यादीत वढवाण्याचे नाव २०२१ साली, आणि यशवंत सागर व नंदा ह्यांची नावे २०२२ साली दाखल झाली.

मग उपयोग पुरेसा नाही काय? आमचे उत्तर असे की, उपयोगासाठी तळे बांधले जाते, परंतु केवळ उपयोगावर ते टिकत नाही. घरोघर नळ आले की गावतळ्यावर घागर जात नाही. विहिरीवर पंप बसला की पाटाच्या पाण्याची वाट कोणी पाहत नाही. मग गाळ काढावयाचे राहून जाते, सांडपाण्याचे गटार तिकडे वळते, कचऱ्याच्या गाड्या येऊ लागतात, आणि एके दिवशी तेथे भूखंडांच्या खुणा रोवल्या जातात. हे सर्व कोणी दुष्टपणानेच करतो असे नाही. ज्याची किंमत कामावरून ठरली, त्याचे काम सरले की किंमतही सरते, एवढाच तो हिशेब. भीती ही आहे की, हा हिशेब तळ्यापाशी थांबत नाही. ज्या हाताला एकदा हा गज धरण्याची सवय लागली, तो हात उद्या घरातील थकलेल्या आजीलाही तोच गज लावील.

शुभवर्तमानांत चिमण्यांचा बाजारभाव दोन ठिकाणी आला आहे. मत्तय सांगतो त्याप्रमाणे एका नाण्याला दोन चिमण्या मिळत. लूक सांगतो त्याप्रमाणे दोन नाण्यांना पाच. म्हणजे पाचवी चिमणी वर फुकट घातलेली! बाजारात तिला दमडीची किंमत नव्हती. तरी देवाला तिचाही विसर पडत नाही, हेच प्रभूला तेथे सांगावयाचे आहे. डोंगरावरील प्रवचनातही प्रभूने श्रोत्यांचे लक्ष पाखरांकडे वळविले. त्यांना पकडा किंवा विका असे सांगितले नाही. नुसते पाहावयास सांगितले.

कोणी म्हणेल, हे भरल्या पोटाचे चोचले आहेत. राबणाऱ्या माणसाला पाखरे पाहावयास सवड कोठली? परंतु आपल्या भाषेतच ह्याचे उत्तर आहे. कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा पाणपक्षी तो वारकरी. चोचीचे टोक पिवळे आणि चोचीच्या मुळाशी लाल ठिपका, ते हळदीकुंकू बदक. पाण्यात टुबकन बुडी मारून भलतीकडेच वर येणारी ती टिबुकली. अशी नावे डोळे भरून पाहिल्याखेरीज सुचत नाहीत. तरीही ह्या आक्षेपात सत्याचा अंश आहे. पट्टकदंब शेतांत उतरतात व कोवळे पीक खातात. आपल्या आनंदाचा खर्च त्या शेतकऱ्याच्या नावावर पडतो. यास्तव त्याच्या बांधावरून चालताना आपण पाहुणे आहोत व तो यजमान आहे, हे विसरू नये.

आणखी एक धोका आहे. पाहणे हासुद्धा एक प्रकारचा उपभोग होऊ शकतो. टिटवी झाडावर घरटे करीत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते, आणि अंडीही खड्यांसारखीच दिसतात. कडक उन्हाळ्यात ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते व अंड्यांना गारवा देते. छायाचित्रासाठी आपण जवळ सरकलो की ती उठते आणि ओरडत डोक्यावर घिरट्या घालते. आपण तिच्या उडण्याचे कौतुक करीत राहतो, आणि तिकडे अंडी उन्हात तापत असतात. थवा उडताना दिसावा म्हणून टाळ्या वाजविणारा, खडा मारणारा मनुष्यही हेच करतो. शेकडो कोस उडून आलेल्या पाखराची विश्रांती तो आपल्या करमणुकीसाठी खर्च करतो. आम्हांला वाटते, योग्य अंतराची खूण सोपी आहे. आपण आल्यावरही पाखराचे खाणे चालू राहील, तेथेच आपण थांबावे. प्रीतीलाही कधी कधी चार पावले मागे सरावे लागते.

संडेस्कूलच्या शिक्षकांनी मुलांना एखाद्या सकाळी तळ्यावर अवश्य न्यावे. जाताना रिकाम्या पिशव्या नेऊ नयेत; अंडी, घरटी, कमळे घरी आणावयाची नाहीत, हे आधीच सांगावे. प्रत्येकाने एकच पक्षी निवडावा आणि पंधरा मिनिटे गप्प बसून त्याच्याकडे पाहावे. नंतर तो काय करीत होता, एवढेच विचारावे. पुढे कधी ते तळे बुजविण्याचा ठराव गावापुढे आला, तर हरकत घेण्यास उभा राहणारा मनुष्य अशाच मुलांतून निघेल. न पाहिलेल्या तळ्यासाठी कोणी उभा राहत नाही.

एखादे मूल मध्येच विचारील, “गुरुजी, ह्या पक्ष्याचा उपयोग काय?” मासे, किडे, अळ्या ह्यांची यादी खरी असली, तरी ती लगेच सांगू नये. त्या मुलाला उलट विचारावे, “तुझ्या घरी पाळण्यात बाळ आहे ना? त्याचा उपयोग काय?” मूल हसेल. त्याला हसू द्यावे, आणि मग पुन्हा पाण्याकडे बोट दाखवावे.