संहिता आणि संग्रह

अमेरिकेत संरचना-अभियंत्याच्या परवान्याची परीक्षा देणाऱ्या उमेदवारापुढे, काँक्रीटची एसीआय ३१८ व भारांची एएससीई ७ या मूळ संहिता प्रथम अभ्यासाव्यात की सोडवलेल्या उदाहरणांचे संग्रह, असा जो प्रश्न उभा राहतो, तो वस्तुतः शब्दप्रमाणाचाच, म्हणजे मूळ वचन कितपत व कसे प्रमाण मानावे याचाच, प्रश्न होय. केवळ वचन हाती असून भागत नाही, हे एका दुर्घटनेवरून दिसते. १९८१ साली कॅन्सस सिटीतील एका हॉटेलात अधांतरी मार्गिका कोसळून ११४ माणसे मृत्यू पावली. तेथे एका अखंड सळईऐवजी दोन योजल्याने वरच्या जोडावरील भार दुप्पट झाला होता, आणि भार कोठून कोठे जातो याचे शांत मनन केले असते तर तो दोष खचित ध्यानी आला असता. श्रवणानंतर मननाचा आग्रह धरणाऱ्या वेदान्त्यांची दृष्टी येथे मला यथार्थ वाटते. तयार उत्तरांआधी मूळ वचनावर मनन व्हावे म्हणून परीक्षार्थ्यांनी संहिता आधी, संग्रह मागाहून हाती घ्यावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.