अडकवून ठेवलेले दहा रुपये

समजा, १९२२ साल आहे आणि मुंबईच्या मशीद बंदरात तुमची तांदळाची पेढी आहे. माल रंगूनहून येतो. ज्या कंपनीच्या आगबोटीने तो आणता, तिच्याकडे भाड्याच्या दर शंभर रुपयांमागे दहा रुपये ‘परतावा’ म्हणून तुमच्या नावावर साठत जातात. पहिल्या सहा महिन्यांचा परतावा हातात पडणार तो पुढचे सहा महिने उलटल्यावर, आणि तोवर एक पोतंही दुसऱ्या कंपनीच्या बोटीत चढवलं नसेल तरच. आता बंदरात नवी कंपनी आली आहे. तिचा दर कमी आहे, मालक इथलेच आहेत, मनातून तुम्हाला तिलाच माल द्यायचा आहे. तुम्ही खातेवही उघडता. या खेपेला वाचतील तीस-चाळीस रुपये, बुडतील हजार-बाराशे. खातेवही मिटते आणि माल जुन्याच बोटीने येतो. पुढच्या सहामाहीत हिशेब करावा म्हटलं, तर तोवर नवा परतावा साठलेला असतो. सुटायचा दिवस कधी उजाडतच नाही.

आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, पण पद्धत अगदी अशीच होती. मक्तेदारी म्हणजे भाव चढवणं, अशी आपली समजूत असते. भाव चढतो तो सगळ्यात शेवटी. त्याआधी बरीच वर्षं गिऱ्हाइकाचेच पैसे ओलीस ठेवून त्याला बांधून घेण्याचं काम चाललेलं असतं. कायद्याने लक्ष घालायला हवं ते तिथे.

हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर हे काम ज्यांच्या हाताखाली चाललं, ते जेम्स मॅके, पुढचे लॉर्ड इंचकेप. कलकत्त्यात उमेदवारीपासून वर चढलेला हा कर्तबगार माणूस. १९१४ मध्ये त्यांनी ब्रिटिश इंडिया आणि पी अँड ओ या दोन बलाढ्य आगबोट कंपन्या एकत्र आणल्या आणि १९३२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या साम्राज्याची सूत्रं हातात ठेवली.

त्यांच्यासमोर उभे राहिले सोलापूरचे वालचंद हिराचंद. नरोत्तम मोरारजींसारखे भागीदार घेऊन त्यांनी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडची ‘लॉयल्टी’ ही बोट विकत घेतली. महायुद्धात ती इस्पितळ-जहाज म्हणून वापरली गेली होती. ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली. हाच दिवस आपण आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. पुढे काय झालं ते मात्र त्या दिवसाच्या भाषणांत फारसं येत नाही. दरयुद्ध सुरू झालं. इंचकेप यांच्या कंपनीने भाडी इतकी पाडली, की वालचंदांच्या सिंदिया कंपनीला टिकाव धरणं अवघड झालं, आणि १९२३ मध्ये तिला करारावर सही करावी लागली. दहा वर्षं किनारी वाहतुकीतच राहायचं, ७५ हजार टनांच्या वर बोटी वाढवायच्या नाहीत.

असं दरयुद्ध पहिलंच नव्हतं. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांनी जपानी कंपनीशी हातमिळवणी करून चीन-जपानकडे सूत पाठवायला सुरुवात केली, तेव्हा पी अँड ओने टनामागे १९ रुपयांचं भाडं दीड रुपयावर आणलं. टाटांना माघार घ्यावी लागली. तुतिकोरिनच्या चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये स्वदेशी आगबोट कंपनी काढली, तर ब्रिटिश इंडियाने उतारूंना फुकट नेलं, वर छत्र्या वाटल्या. पिळ्ळै १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात गेले आणि तिथे त्यांना तेलाचा घाणा ओढायला लावला. फुकट मिळालेली ती छत्री उतारूंना किती महाग पडली, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

आणि सरकार? सिंदियाने सही केली त्याच १९२३ साली हिंदुस्थान सरकारचा खर्च कुठे छाटायचा हे ठरवणाऱ्या काटकसर समितीचा अहवाल आला. समितीचे अध्यक्ष होते लॉर्ड इंचकेप. ज्याला आवर घालायचा, त्यालाच सरकार सल्लागार म्हणून खुर्ची देत होतं. मला यात लाचलुचपतीपेक्षाही घातक काही दिसतं. मोठा धंदा आणि देशाचं हित एकच, असं राज्यकर्त्यांना मनापासून वाटू लागलं, की मग विकत घ्यायला काही उरतच नाही.

इलाज माहीत नव्हता, असंही नाही. लंडनमध्ये शाही आयोगाने या परताव्याची चौकशी करून १९०९ मध्ये अहवाल दिला. कंपन्यांचं म्हणणं होतं, की माल असो-नसो, बोट ठरल्या दिवशी सुटायची तर मालाची हमी हवी. म्हणणं अगदीच पोकळ नाही. पण हमी उघड कराराने घेता येते, दुसऱ्याचे पैसे अडकवून कशाला? आयोगाच्या बहुमताने बंदी सुचवली नाही. अमेरिकेने मात्र १९१६ च्या जहाजवाहतूक कायद्यात असा परतावा सरळ बेकायदा ठरवला. आपल्याकडे साराभाई हाजी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात किनारी वाहतूक देशी जहाजांना राखून ठेवण्याचं विधेयक १९२८ मध्ये मांडलं, परतावा बंद करण्याचंही मांडलं. दोन्हींचा कायदा झाला नाही. किनारा राखीव व्हायला स्वातंत्र्य यावं लागलं.

वालचंदांबद्दल मला नितांत आदर आहे. तरी एक गोष्ट नोंदवायला हवी. स्वातंत्र्यानंतर युरोपच्या मार्गावर भाडी संगनमताने ठरवणाऱ्या कंपन्यांच्या मंडळात सिंदियाही सदस्य म्हणून दाखल झाली. आत जागा मिळाल्यावर दार बंद ठेवण्यात आपलाही फायदा दिसू लागतो. म्हणून नियमन उद्योगपतीच्या देशभक्तीवर किंवा सचोटीवर सोडता येत नाही. तो देशी आहे की परदेशी, हेही पाहून चालत नाही.

अटी घालून बांधून घेण्याची ही रीत आगबोटींबरोबर संपली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड प्रकरणात गुगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड ठोठावला. बातम्यांचे मथळे दंडाच्या आकड्याचे होते. आदेशातला महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. फोन बनवणाऱ्या कंपन्यांवर गुगलची सगळी ॲप एकत्र घेण्याची सक्ती करता येणार नाही, असं आयोगाने त्यात बजावलं. पुढे अशा एखाद्या निकालाची बातमी आली, तर दंडाच्या आकड्यावर थांबू नका. कोणती अट रद्द झाली, ते शोधून वाचा.